डाव्या हाताची तंबाखू

सरांना वर्तमानपत्र वाचायचा भारी नाद होता, पण शिळं. शिळं म्हणजे परवाचं-तेरवाचं नव्हे, दहा-बारा वर्षांपूर्वीचं. झाडं दाबून वाळवायला रद्दी लागते. अमरावतीच्या आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या मागच्या खोलीत असे रद्दीचे गठ्ठे पार छताला लागले होते आणि प्रत्येक घडीत एकेक वाळलेली फांदी होती. सर एखादा गठ्ठा सोडायचे, फांदी अलगद बाजूला ठेवायचे आणि खालचा कागद वाचत बसायचे. मग व्हरांड्यात येऊन जो सापडेल त्याला ती बातमी सांगायचे. एकदा त्यांनी ग्रंथपालांना जिन्यात गाठलं आणि डोळ्यांत पाणी आणून सांगितलं, तुमचे काका गेले, आत्ताच वाचलं. काका जाऊन नऊ वर्षं झाली होती. ग्रंथपाल बिचारे मान खाली घालून ‘हो सर’ म्हणाले. मला हसू आलं, तसे सर माझ्यावर खेकसले.

“मले आज समजलं ना बे? मंग मी आजच रडीन.”

असा माणूस. त्यांच्याबद्दल बोलायला लागलो की पहिल्यांदा हसूच येतं, आणि मग ते मधेच थांबतं. का थांबतं ते सांगतोच, पण मला जरा आडवाटेनं यावं लागेल. सरळ सांगायची हिंमत असती तर वेळेवरच सांगून मोकळा झालो असतो.

मी तिवस्याचा. आमचं घर भाजीपाल्याचं. वांगी, मिरच्या, सांभार म्हणजे कोथिंबीर. बी.एस्सी.ला रोज एसटीनं अमरावतीला जायचो. पहिल्या तासाला सर वर्गात आले, हजेरी घेतलीच नाही. समोर येऊन एकेकाला विचारायला लागले, “कोनाचा बे तू?” मी म्हटलं, तिवस्याचा. ते म्हणाले, गाव नाही विचारलं, कोणाचा ते विचारलं. मग मी वडिलांचं नाव सांगितलं, भाजीचा धंदाही सांगितला. सरांचे डोळे चमकले. मग सांग म्हणाले, वांगं कोणाचं? मी म्हटलं, आमच्याच वावरातलं. वर्ग फिदीफिदी हसला. सर नाही हसले. त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं: वांगं, टमाटे, मिरची, आलू, धोतरा. शेवटी खिशातून तंबाखूची डबी काढून टेबलावर ठेवली.

“आनं हे. सारे बंदे एका मायचे लेकरं हायेत. नाव मांगून सांगजो. पयले कोनाचं थे सांग.”

हेच त्यांचं सगळं शिकवणं. सहलीला मेळघाटात गेलो की ते झुडपापुढं उकिडवे बसायचे, पान चुरगाळून हुंगायचे, कडा जिभेला लावायचे, थुंकायचे आणि झुडपालाच विचारायचे, “कोनाची व तू?” वराडात दारी आलेल्या नव्या सुनेला म्हाताऱ्या बाया जसं विचारतात तसं, मायेनं आणि तितक्याच चौकसपणानं. उत्तर मिळेपर्यंत उठत नसत. एकदा पाऊण तास असे बसले आणि आम्हा चाळीस जणांच्या डब्यांवर मुंग्या चढल्या. नाक तर असं की डोळे बांधून त्यांना साठ झाडं ओळखताना मी पाहिलंय. वर्गात कोण नाश्त्याला काय खाऊन आलं हेही ते हजेरीसारखं सांगायचे. पोरींची पंचाईत व्हायची.

आता त्या तंबाखूचं. ती डबी म्हणजे सरांची ओळख. तंबाखू खाणारे अमरावतीत पैशाला पासरी. पण सर ती एकाच हातानं मळायचे. तंबाखू डाव्या तळहातावर, चुना डाव्याच नखानं, आणि मळायचं त्याच हाताच्या अंगठ्यानं आणि बोटांनी. उजवा हात पाठीमागे. उजवा हात झाडांचा होता. त्या हातानं त्यांनी कधी तंबाखूला शिवलं नाही आणि डाव्या हातानं कधी वाळल्या पानाला. जेवताना उजवा हात तरी कसा चालतो असं एकदा मी विचारलं तर म्हणाले, जेवण म्हणजे झाडंच ना लेका. एका हातानं तंबाखू मळणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. पोरं मागं नक्कल करायची. मीही करायचो, आणि चांगली करायचो.

पुढं मी अकोल्याला एका प्रयोगशाळेत लागलो. काम असं की सातपुड्याच्या पायथ्याची झाडं गोळा करायची आणि डीएनए बारकोडिंगनं त्यांची ओळख पटवायची. सरांना हे समजावून सांगायला मी मुद्दाम अमरावतीला गेलो होतो. किराणा दुकानातल्या पुड्यावर काळ्या रेघा असतात, मशीन त्या वाचतं आणि साबण कोणता ते सांगतं, तसंच हे. झाडाच्या पेशीत एक ठरलेला तुकडा असतो. सगळ्या झाडांत असतो, पण त्यातली अक्षरं जातीजातीगणिक थोडी वेगळी. पानाचा चुरा करायचा, तेवढा तुकडा काढायचा, त्याच्या लाखो नकला करायच्या, वाचायचा आणि जगभरच्या यादीशी ताडून पाहायचा. फूल नको, फळ नको. पानाचा नखाएवढा तुकडा पुरे.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. निवृत्त होऊन त्यांना तेव्हा सहा वर्षं झाली होती, पण त्या खोलीची किल्ली त्यांच्याचकडे होती आणि ते रोज सायकलनं येतच होते. मग म्हणाले, “म्हनजे माह्यासारखंच करून राहिलं हे मशीन. कोनाची व तू, असंच इचारते.”

मी म्हटलं, हो सर.

“फक्त थुकत नाई.”

एवढं बोलून ते उठले, सगळ्यात आतल्या कपाटाशी गेले आणि उजव्या हातानं एक शीट, म्हणजे वाळलेलं झाड चिकटवलेला जाड कागद, काढून माझ्यापुढं ठेवलं. मला ते शीट माहीत होतं. कॉलेजात सगळ्यांनाच माहीत होतं.

अकोटच्या वर, सातपुड्याच्या उतारावर एका नाल्याच्या काठी सरांना तरुणपणी एक वेल सापडला होता. कंदीलफुलाचा वेल. कंदीलफुलं आमच्या भागात पाच-सहा तऱ्हेची आहेत. खाली फुगीर, वर नळी, आणि टोकाला पाच पाकळ्या एकमेकींना जुळून कंदिलाची मूठ झालेली. सरांच्या वेलाच्या पाकळ्या टोकाशी जुळलेल्या नव्हत्या, सुट्या होत्या. पानांचा वासही निराळा, ते म्हणायचे. त्यांनी दोन फुलं आणली होती. एक मोठ्या शहरातल्या एका तज्ज्ञांकडं पाठवलं, ते तिकडंच गहाळ झालं आणि उत्तर आलं की पाकळ्या प्रवासात तुटल्या असाव्यात. दुसऱ्या फुलाला कसर लागली. पुढच्या भादव्यात सर पुन्हा गेले, त्याच्या पुढच्या भादव्यात पुन्हा. मग त्या नाल्यावर तलाव झाला आणि काठ पाण्याखाली गेला. तरी सर जातच राहिले. आजूबाजूचे सगळे उतार त्यांनी पायांनी झाडून काढले, पण वेल पुन्हा दिसला नाही.

उरलं होतं ते हे शीट. त्यावर एक काडी, कसरीनं खाल्लेल्या फुलाचा डाग आणि कोपऱ्यात चिकटवलेली कागदी पुडी. पुडीत दोन पानं. बाकीच्या झाडांवर सर बुरशी लागू नये म्हणून फॉर्मालिन मारायचे आणि फॉर्मालिननं आतली अक्षरं मोडून जातात. ही दोन पानं मात्र तशीच वाळवलेली होती, का कोण जाणे. सरांच्या सबंध आयुष्यात त्यांनी एकच गोष्ट म्हटली होती जी पुस्तकात नव्हती, आणि ती खरी का खोटी ते या दोन पानांत होतं.

मी तपासतो म्हटलं. फक्त एक ताकीद दिली. हे काम फार नाजूक असतं, जुन्या पानात जीव थोडाच उरलेला असतो. ताज्या झाडाचा एखादा कण जरी त्यात पडला तरी मशीन त्याचीच नक्कल करत सुटतं, आणि म्हातारं पान मागं राहतं. तेव्हा सर, तुमचं ते डावा-उजवा तिथं चालणार नाही, तंबाखू म्हणजे तंबाखू. हे मी हसत हसत बोललो. सरांनी मान डोलावली. तपासणीचा दिवस ठरायला पुढं चार महिने गेले.

अकोल्याला शीट पाठवून द्या म्हटलं तर सर ऐकेनात. स्वतः घेऊन येणार. म्हणून मी त्यांना आणायला गेलो. अमरावतीच्या स्टँडवर त्यांनी दोन सीट धरल्या, एक स्वतःला आणि एक शीटला. मी मागच्या सीटवर. कंडक्टर आला. सरांनी दोन तिकिटं मागितली. दुसरं कोणाचं विचारलं तर सरांनी कापडात गुंडाळलेल्या पुठ्ठ्याकडं बोट दाखवलं आणि म्हणाले, पाहुणी आहे. कंडक्टर भला माणूस. त्याला वाटलं एक्स-रे आहे, घरातल्या कोणा बाईचा. त्यानं लगेच दोन तिकिटं फाडली. पलीकडच्या म्हातारीनं तर बडनेऱ्यापर्यंत चौकशी केली, काय दुखते, कधीपासून दुखते. सर म्हणाले, दुखत काही नाही, कोणाची ते कळत नाही. त्यावर म्हातारीनं पदर तोंडाला लावला आणि पुढं काही विचारलं नाही.

खिडकीतून बाहेर पाहत सर डावा तळहात मळत होते. अंगठा गोल गोल फिरत होता. मला राग आला. एवढं समजावलं होतं, तरी हा माणूस आजच्या दिवशीसुद्धा राहू शकत नाही. मी पुढं वाकून म्हटलं, सर, आज नका खाऊ. ते ‘हो’ म्हणाले. हात काही थांबला नाही.

आणि आता ऐका. मुर्तिजापूरला गाडी दहा मिनिटं थांबली, तेव्हा मी खाली उतरलो आणि पानठेल्यावरून खर्रा घेतला. हो, मी खातो. सुपारी, तंबाखू, चुना, सगळं घोटून प्लॅस्टिकच्या पन्नीत बांधून देतात तो. एम.एस्सी.ला अमरावतीत खोली घेऊन राहायला लागल्यापासून खातो. घरी माहीत नव्हतं, प्रयोगशाळेत तर मुळीच नाही; तिथल्या मॅडम या बाबतीत कडक, आधीच्या एका सहायकाला त्यांनी याच कारणावरून घरी बसवलं होतं. मी एक बार भरला, थुंकलो, चूळ भरली, वर दोन विलायच्या चघळल्या आणि गाडीत चढलो. सरांनी मान न वळवता विचारलं, “विलायची खाल्ली का बे?” मी म्हटलं, हो सर, उलटीसारखं होत होतं. उरलेली पन्नी माझ्या खिशात होती.

प्रयोगशाळेत शर्टाच्या खिशातून पन्नी दिसली असती, म्हणून मी ती एप्रनच्या खिशात टाकली. हातमोज्यांचा डबा त्या दिवशी रिकामा होता. असं व्हायचं अधूनमधून, म्हणून आम्ही सगळेच एखादा जोड एप्रनच्या खिशात ठेवायचो. सर स्टुलावर बसले होते, आपलं शीट मांडीवर घेऊन. त्यांना ताटकळत कशाला ठेवायचं म्हणून मी खिशातलाच जोड काढून घातला. सरांनी पुडी उघडून चिमट्यानं एक पान काढलं, उजव्या हातानं, श्वास धरून. हात जरासुद्धा हलला नाही. ते पान त्यांनी माझ्या तळहातावर ठेवलं. मग पुडी बंद केली. पान मी कुटलं. प्रयोगशाळेची नेहमीची बाकीची झाडं दुसऱ्या दिवशी नवा डबा आल्यावर केली.

निकाल यायला तीन आठवडे लागले. त्या दिवशी मॅडमनी सरांना शीट घेऊन मुद्दाम बोलावलं होतं. खोलीत आम्ही सात-आठ जण. नवीन काही निघालं तर पेढे वाटायचे असंही कोणीतरी ठरवलं होतं. मॅडमनी पडद्यावर कागद लावला. बाकीची झाडं अगदी बरोबर आली होती. सरांच्या पानाच्या ओळीत उत्तर होतं: तंबाखू. शेकडा शंभर तंबाखू.

क्षणभर कोणालाच कळेना. मग कोणीतरी सरांच्या डाव्या हाताकडं पाहिलं. तो हात नेहमीसारखाच चालू होता, अंगठा गोल गोल. आणि जो हशा फुटला, तो मी जन्मात विसरणार नाही. मॅडमही हसल्या, वाईट नाही त्या, पण हसू आवरण्यासारखं नव्हतंच. सर आपल्या हाताकडं पाहत होते. मग त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडं पाहिलं. चांगलं पाहिलं, झाडाकडं पाहायचे तसं. मला तोवर ठाऊक नव्हतं, पण त्या नजरेनं माझा हात आपोआप एप्रनच्या खिशात गेला आणि खिशाच्या तळाशी बोटांना भुगा लागला.

“माह्याच हाताचं असन,” सर म्हणाले. “चाळीस वर्सं खाऊन राहिलो. लागलं असन.”

मॅडमनी विचारलं, दुसरं पान करून पाहायचं का? तेव्हा मी तोंड उघडायला हवं होतं. पुडी स्वच्छ आहे, घाण माझ्या मोज्याला होती, दुसरं पान तपासा. एवढंच. पुढच्या आठवड्यात ते झालं असतं. पण माझी कायम होण्याची फाइल वरती गेली होती, सात वर्षं कंत्राटावर काढल्यावर. मी गप्प बसलो. मॅडमच म्हणाल्या की पुडीच बाटली असेल तर उगाच पुन्हा तंबाखूच येणार आणि पुन्हा हसं होणार. नियमाप्रमाणं पुडीवर तशी नोंद करा म्हणाल्या. मी लाल पेन घेतलं आणि सरांच्या देखत पुडीवर लिहिलं: नमुना दूषित. खाली सही केली.

त्यांना सोडायला स्टँडवर मीच गेलो. या खेपेला सरांनी एकच तिकीट मागितलं आणि शीट मांडीवर घेतलं. गाडी सुटायला अवकाश होता. त्यांनी विचारलं, “तुयी फाइल कधी निंघते?”

पुढच्या महिन्यात, मी म्हटलं.

“मंग ठीक हाये,” सर म्हणाले. “वेलाचं काय, थो तं गेलाच हाये.”

मला तेव्हा वाटलं, म्हातारा खचला, काहीबाही बोलतोय. खोटं कशाला सांगू, मला सुटल्यासारखं वाटलं. आणि फाइल निघाली. मी पेढे घेऊन त्यांच्याकडं गेलो, त्यांनी उजव्या हातानं पेढा घेतला आणि खाल्लाही.

त्यानंतर त्यांचं कॉलेजात येणं कमी झालं. ही गोष्ट अकोल्याहून अमरावतीला त्यांच्या आधीच पोचली होती. ज्या कॉलेजात त्यांना पोरं भीत होती, तिथं पोरं त्यांना ‘तंबाखू सर’ म्हणायला लागली. एका कार्यशाळेला त्यांना पाहुणे म्हणून बोलावणार होते, ते बारगळलं. ज्या माणसाच्या नाकावर चार जिल्ह्यांतले लोक झाडं आणून ओळखून घेत, त्याच्याबद्दल आता लोक म्हणायला लागले की वेलाच्या पाकळ्याही अशाच पाहिल्या असतील, तंबाखूच्या तारेत. मी हे माझ्या कानांनी ऐकलं आणि चहा पीत राहिलो. मग सरांनी शीट पुन्हा आतल्या कपाटात ठेवलं आणि किल्ली परत केली. सायकल घराच्या मागं भिंतीला लागून राहिली. जुन्या बातम्या सांगणारं कोणी उरलं नाही. दीड वर्षानं एका सकाळी सरांच्या बायकोनं, आमच्या काकूंनी, चहा ठेवला आणि सरांनी तो घेतलाच नाही.

मी तिसऱ्या दिवशी गेलो. ओट्यावर चार माणसं बसली होती. तंबाखूनं नेलं शेवटी, असं त्यांचं चाललं होतं. काकू आत भिंतीला टेकून होत्या. मला पाहिलं, जवळ बस म्हणाल्या. बाहेरचं बोलणं त्यांना ऐकू येत होतं. त्या हळूच म्हणाल्या की लोकांचं काय, लोक म्हणणारच. मग उशीखालून डबी काढून माझ्या हातावर ठेवली. सरांची डबी. मी उघडली. आत ओवा होता.

“खात कुठी होते बाप्पा,” काकू म्हणाल्या. “तू मशीनचं सांगून गेला ना, त्या दिवशीच सोडली. मले म्हने, पानाले वास लागन. चाळीस वर्साची सोडली एका दिवसात. ताप आला होता त्यायले चार दिवस.”

मी विचारलं, पण त्यांचा हात तर...

“हात मळतच राहायचा. त्याले कोन सांगनार?”

मी मनात महिने मोजले. तपासणीच्या चार महिने आधी सोडली होती. म्हणजे एसटीत तो तळहात रिकामा होता. त्या खोलीत सगळे हसले तेव्हाही रिकामाच होता. आणि ज्या नाकाला साठ झाडं डोळे बांधून कळायची, त्याला दोन विलायच्यांच्या मागचा खर्रा कळला नसेल? पहिल्या दिवसापासून कळत असणार. तंबाखू कोणाची, हे त्या खोलीत दोघांनाच ठाऊक होतं, आणि दोघंही बोललो नाही. मी माझ्यासाठी गप्प राहिलो. ते कोणासाठी गप्प राहिले, ते मी स्टँडवर कानांनी ऐकलं होतं आणि मला कळलं नव्हतं. त्यांनी आयुष्यभराचा वेल माझ्या नोकरीवरून ओवाळून टाकला, आणि मी त्यांना पेढा दिला.

तिथून मी तडक कॉलेजात गेलो. दुसरं पान अजून असणार होतं. मॅडमच्या पायावर डोकं ठेवीन, नोकरी गेली तर गेली, पण ते पान तपासायला लावीन असं मी रस्ताभर ठरवत होतो. खरंच ठरवत होतो. मागच्या खोलीच्या जागी नवा वर्ग झाला होता, पडदा, खुर्च्या, गारेगार हवा. जुना शिपाई भेटला. तो म्हणाला, शीटं सगळी मागच्या उन्हाळ्यात बाहेरगावच्या एका मोठ्या संग्रहालयानं नेली, चार पेट्या भरून. माझा जीव भांड्यात पडला. मी त्या वेलाचं शीट विचारलं, आतल्या कपाटातलं, कोपऱ्यात पुडी असलेलं. त्याला चांगलं आठवत होतं.

“थे नाई नेलं साहेब,” तो म्हणाला. “त्याच्यावर लाल पेननं दूषित लिहेल होतं. तसं काई असन तं घेत नाई म्हने थे लोक. रद्दीत गेलं.”

त्याला काय माहीत अक्षर कोणाचं.

ही झाली चार वर्षं. मी कायम आहे, आता तर माझ्या हाताखाली तिघं आहेत. मॅडमना मी काही सांगितलं नाही. पानच नाही तर सांगून काय, असं म्हणून मी माझी समजूत घालतो. खर्रा दोनदा सोडला, दोनदा धरला. दरवर्षी नव्या मुलांचं प्रशिक्षण असतं, अकोट, तिवसा, कुठून कुठून येतात पोरं. कानाला खडा लावल्यासारखं मी पहिल्याच दिवशी सगळ्यांना तळहात पुढं करायला लावतो, खिसे उलटे करायला लावतो. मागं माझी नक्कल होते, मला माहीत आहे. आणि मग मॅडम मला सांगतात, ती तंबाखूची गोष्ट सांगा ना यांना, लक्षात राहील. मी सांगतो. एक म्हातारे सर होते, एक दुर्मीळ वेल होता, एका हातानं तंबाखू मळायचे. पोरं हसतात. कुठं हसतात, कुठं गप्प होतात, ते मला आता पाठ झालं आहे.

यंदा पुढच्या रांगेत एक मुलगी होती, ती हसली नाही. तिनं वहीतून मान वर करून विचारलं, “सर, पण त्यांना आधी कोनी सांगतलं नव्हतं का, तंबाखू खाऊ नका म्हनून?”

“सांगितलं होतं,” मी म्हटलं, आणि पुढची आकृती लावली.